चिंतेला वेळ ठरवून द्या

एकांनी विचारलंय की "काळजीचा विचार करू नकोस" असं मनाला बजावलं की ते विचार जास्तच का येतात. अहो, येणारच! मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा डोक्यात येऊ लागलं. म्हणून दाबण्यापेक्षा पुढे ढकलणं बरं.

मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेला उपाय असा: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात काही सुचलं की दोन शब्द टिपायचे, "आईचा रिपोर्ट", "होम लोनचा हप्ता", आणि हातातल्या कामाला लागायचं. माझी वेळ संध्याकाळी सहाची, जागा गॅलरीतली खुर्ची. पलंग मात्र अजिबात नको, नाहीतर झोपेचं खोबरं. बसल्यावर चिठ्ठीतल्या निम्म्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांत जिथे काही करता येतं तिथे पुढची एकच कृती लिहायची: "उद्या दहाला लॅबला फोन". जे हातात नाही, त्यावर वेळ संपेपर्यंत खुशाल कुढा.

सुरुवातीला मन ऐकत नाही, सारखं डोकं वर काढतं. पुन्हा टिपायचं, बस. छातीत धडधड असेल तेव्हा मात्र वही बाजूला ठेवून आधी श्वास सावकाश सोडा, घेतल्यापेक्षा लांब.

आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलं असेल तर हे घरगुती प्रयोग पुरत नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.