म्हणे पत्रांतली ‘कारागिरी’ गाळा!

काचतुकडा: मूळ पोस्टमधलं वाक्य असं: ‘विल्हेल्मिना गेडिस आणि ईव्ही होन यांच्यासारख्या गुरु-शिष्येची पत्रं छापताना भट्टी, शिसं, डिंक ही रटाळ माहिती गाळावी, कलेविषयीचं तेवढं ठेवावं.’ हे वाचून गप्प बसवत नाही. गेडिस आणि होन या दोघी रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्या आयरिश चित्रकार; गेडिस गुरु, होन शिष्या. होन पॅरिसला ल्होत आणि ग्लेझ या चित्रकारांकडे चित्रकला शिकून आलेली होती. लंडनला गेडिसकडे ती गेली ती काच शिकायला. मग गाळून उरणार काय? काचेवरचा रंग म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची आणि काचेची पूड, पाण्यात कालवलेली, त्यात थोडा डिंक. डिंक कमी पडला तर दुसरा हात मारताना पहिला पुसला जातो, जास्त झाला तर भट्टीत फोड येतात. साधारण ६५० अंश सेल्सिअसला रंग काचेला धरतो. आच कमी पडली तर नखानं खरवडून निघतो. चेहऱ्यावरचा भाव टिकतो की जातो, ते इथं ठरतं.

परीघ: वाचक काही भट्टी पेटवायला बसलेला नाही! इंग्लंडमधल्या ईटन शाळेच्या चॅपेलमधली होनची १९५२ची खिडकी बघताना डिंक कोण मोजतं? ती रंगांची मांडणी पॅरिसची आहे. हस्तकलेचं परिशिष्टात टाका.

शाईदौत: ‘हस्तकला’ हा शब्द आधी मागे घ्या. बाईच्या हातचं असलं की हस्तकला, हे किती दिवस चालणार? बेल्जियममधल्या ईप्रच्या कॅथेड्रलमध्ये तिथला राजा आल्बर्टच्या स्मरणार्थ गेडिसनं १९३८ मध्ये केलेली खिडकी एकदा बघा, मग बोला.

परीघ: शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. शिसं म्हणजे काचेचे तुकडे धरून ठेवायचा आधार, बस्स.

काचतुकडा: साफ चूक. शिशाची पट्टी हीच चित्रातली सर्वांत काळी रेघ. ती कुठून न्यायची, कुठे जाड करायची हे रेखाटतानाच ठरतं. पट्टीच्या मधल्या कण्यासाठी दोन तुकड्यांत जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जागा सोडावी लागते. प्रत्येक तुकडा अर्धा मिलिमीटर मोठा कापला गेला तर चाळीस तुकड्यांच्या ओळीत दोन सेंटिमीटर वाढतात आणि पॅनल चौकटीत बसत नाही. मग घासाघीस करायची आणि रेघ बिघडवायची.

शाईदौत: जाड शिशानं चूक झाकता येते, हेही सांगा.

काचतुकडा: येते. पण मग पातळ रेघेच्या जागी जाड येते आणि बोटं सुजल्यासारखी दिसतात.

परीघ: बरं, शिशाचं ठेवा. सांध्यात भरायच्या लुकणाचं तरी गाळाल की नाही?

काचतुकडा: नाही. खडूची पूड आणि जवसाचं तेल, थोडी काजळी. ब्रशनं शिशाच्या कडेखाली दोन्ही बाजूंनी दाबून भरायचं, वर कोरडी पूड टाकून जास्तीचं तेल टिपायचं. एक कोपरा राहिला तर पाऊस आत येतो आणि वाऱ्यात काच खडखडते.