जुनी सायकल: चोराला नकोशी, पायाला हलकी (सातारा-सांगलीकरांचे अनुभव)

मंडळी, पडवीत उभी असलेली २८ इंची चाकांची, दांड्याची काळी सायकल सुटी करून, रंगवून पुन्हा जोडायची आहे. चोराची नजर तिच्यावर ठरू नये म्हणून तुम्ही काय करता? मापांसकट लिहा.

सांगली, गावभाग
जुना रंग मुळापासून काढू नका. सुटलेले पापुद्रे आणि गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मग २२० ने सगळी चकाकी घालवा. पेपर ओलाच चालवा म्हणजे धूळ उडणार नाही, जुन्या रंगात शिसे असू शकते. वाळल्यावर रेड ऑक्साईडचा (गंज रोखणाऱ्या प्रायमरचा) एक पातळ हात, २४ तासांनी ऑइल पेंटचे दोन. फ्रेम आणि चिमट्याला (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला) २०० मिली भरपूर होतो. मडगार्ड, चेनकव्हर धरले तर अर्धा लिटर घ्या. ऑइल पेंटवर एनसी (नायट्रोसेल्युलोज, झटपट वाळणारा) रंग मारू नका. त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. रंग मातकट किंवा राखाडी घ्या, आठवड्याने ६०० च्या ओल्या पेपरने चमक घालवा. विकायला नेली तर भाव येणार नाही, असे लांबूनच वाटले पाहिजे.

सातारा, शाहूपुरी
हे काम एप्रिल-मेमध्येच उरका. पावसाळी दमट हवेत एनसी पांढुरका पडतो, ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो.
एक कळकळीची विनंती: रिमला रंग लावू नका. दांडीचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला घासतो, तिथे रंग लागला की ब्रेक घसरतो. समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरताना हे जिवावर बेतेल. सायकल कितीही कळकट दिसू दे, ब्रेक, घंटी आणि मागचा रिफ्लेक्टर चांगलेच हवेत.
एक्सल बसतो त्या खाचांवरही चिकटपट्टी लावून मगच रंगवा. नटाखाली रंगाचा थर राहिला तर तो दबून उडतो, नट सैल होतो आणि चाक एका बाजूला ओढले जाते.

मिरज
फ्रेमचा नंबर खरवडू नका, लांबीने (पुट्टीने) बुजवू नका. बहुधा तो सीटच्या नळीवर किंवा क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) खोक्याखाली असतो. तेवढी जागा झाकून रंगवा, फोटो काढा, बिल असेल तर जपा. सापडलेली सायकल आपली आहे हे पोलीस ठाण्यात त्यावरूनच दाखवता येते. शिवाय नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत सोडा.
स्टेशनबाहेर नुसत्या मागच्या चाकाच्या कुलपावर विसंबू नका, सायकल उचलून नेता येते. साखळी फ्रेम आणि मागच्या चाकातून ओवून खांबाला बांधा.

सांगली, कृष्णाकाठ
२०१९ च्या पुरात बुडालेल्या सायकली अजून कुणाकडे असतील, तर रंगाआधी हब (चाकाचा मधला तुंबा) आणि क्रँक उघडा. आत बारीक गाळ बसलेला असतो, तो छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) खातो. सगळे रॉकेलमध्ये धुवा, खड्डे पडलेला कोन बदलाच. छर्रे, प्रत्येक बाजूला: क्रँकला पाव इंची ११, मागच्या हबला पाव इंची ९, पुढच्याला ३/१६ इंची १०. ठासून भरू नका, थोडी फट राहू द्या. कॉटर पिना (क्रँक एक्सलवर पक्की धरणाऱ्या पिना) एकमेकींच्या उलट दिशेने बसवा आणि क्रँकखाली आधार देऊन हातोडीने ठोका. नुसता नट आवळून पिन ओढलीत तर आटे जातात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी आठवा.

सातारा, गोडोली
नवी सीट, नवे ग्रिप लावणार असाल तर त्यावर जुनी ट्यूब कापून गुंडाळा. बाकी सायकल जुनाट ठेवून सीट चकचकीत ठेवली, तर तीच जाते.