‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’: मेंगला जिवंत करायला नको होतं

राजवाडा_इंदूर
रविवारी दुपारी घरच्यांना हौसेने बसवून ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ या चिनी तलवारबाजीच्या सिनेमाचा २०१६ चा दुसरा भाग लावला. पाऊण तासात एकेक जण उठून गेला. मी शेवटपर्यंत पाहिला आणि फार वाईट वाटलं. दिग्दर्शक युएन वू-पिंग, १९७८ मध्ये जॅकी चॅनला घेऊन ‘ड्रंकन मास्टर’ करणारा माणूस! आंग लीच्या २००० सालच्या पहिल्या भागातल्या लढायाही त्याच्याच.

माझं दुखणं लढायांचं नाही, गोष्टीचं आहे. पहिल्या भागात शू लिएनचं (मिशेल यो) लग्न मेंगशी ठरलेलं होतं आणि तो मारला गेला. मेंग म्हणजे नायक ली मू बाईचा (चाउ युन-फॅट) मानलेला भाऊ. त्याच्या आठवणीचा मान राखायचा म्हणून शू लिएन आणि ली मू बाई वर्षानुवर्षं एकमेकांवरचं प्रेम बोलून दाखवत नाहीत. ली मू बाई बोलतो तो विष अंगात भिनल्यावर, शेवटच्या श्वासाला. तो अख्खा सिनेमा त्या न बोलण्यावर उभा आहे. आणि दुसरा भाग काय सांगतो, तर मेंग मेलाच नव्हता! मग ती दोघं थांबली कशासाठी?

लष्कर_ग्वाल्हेर
दादा, मला नेमकं उलटं वाटतं. ज्याच्यासाठी दोन माणसं झुरली तो जिवंत होता, आणि समोर आला तो ली मू बाई गेल्यावर. याने त्यांचं थांबणं वाया जात नाही, जास्त जिव्हारी लागतं. शिवाय या गोष्टीमागे चिनी लेखक वांग दूलू यांची पाच कादंबऱ्यांची मालिका आहे. पहिला सिनेमा चौथीवर बेतलेला, हा पाचवीवर. नुसतं जुनं नाव वापरलं असंही नाही.

राजवाडा_इंदूर
कल्पनेत दम आहे, मान्य. पण तिला पडद्यावर जागा कुठे दिली? पहिल्या भागात पहिली लढाई यायला पंधरा मिनिटं लागतात. तोवर आपण त्या दोघांच्या बोलण्यातल्या फटी ऐकत असतो. इथे शू लिएन प्रवासाला निघते न निघते तोच तलवारी उपसल्या जातात. मेंग समोर आल्यावर तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबायला हवा होता. मिशेल योसारखी नटी हाताशी असताना!

सुदामानगर_ताई
आणि इंग्रजीचं काय? पहिला भाग मँडरिन या चिनी भाषेत होता, हा भाग इंग्रजीत चित्रित केला. आमच्या घरी भाजीवाल्याशी हिंदी, शाळेत हिंदी, भावंडांची भांडणंसुद्धा हिंदीत. पण आजी आजारी पडली की सगळे आपोआप मराठीवर यायचे. जिथे माणसं अर्धंच बोलतात, तिथे ते अर्धं कोणत्या भाषेतलं आहे याला फार किंमत असते.

लष्कर_ग्वाल्हेर
ताई, पहिल्या भागाच्या वेळी मिशेल योला मँडरिन येत नव्हती. तिने संवाद नुसत्या उच्चारावरून पाठ केले होते. चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, त्याची भाषा कँटोनीज, म्हणजे तिथली वेगळी चिनी बोली. तरी आपल्या डोळ्यांत पाणी आलंच ना?

सुदामानगर_ताई
आलं, आणि मी म्हणते त्या पाठांतरामुळेच आलं असेल. परकी भाषा बोलताना माणूस शब्द जपून टाकतो. तो जपून बोलण्याचा भाव शू लिएनला शोभला. इथे संवाद सरळ वाहून जातात.

एरंडेल
मी मल्लखांब शिकवतो, म्हणून लढायांबद्दल बोलतो. खांबाला एरंडेल चोळून पोरगं चढलं की वजन कुठे आहे ते लपत नाही; मांडीची पकड सुटली की खाली. पहिल्या भागातल्या बांबूच्या बनात नट तारांवर लटकलेले होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण बांबू वाकतो, झोका घेतो, परत उसळतो. तिथे वजन दिसतं, म्हणून उडणं खरं वाटतं. नव्या भागात बऱ्याच ठिकाणी मागचा देखावा संगणकावर रंगवलेला. पाय टेकतो तिथे काही दबतच नाही. शिकाऊ मुलांना मी हा भाग दाखवणार नाही.

एक सोडून. गोठलेल्या तळ्यावरची लढाई मी तीनदा मागे नेऊन पाहिली. पाय घसरतो, अंग सावरावं लागतं. तिथे जुना वू-पिंग भेटतो.

लष्कर_ग्वाल्हेर
बर्फावरच्या लढाईला माझाही मुजरा. पण मग एवढं तरी माना, की हात अजून गेलेला नाही. १९९४ च्या ‘विंग चुन’मध्ये हेच तिघं होते: वू-पिंग, मिशेल यो आणि इथे मेंग झालेला डॉनी येन. मी तर या तिघांना पुन्हा एकत्र बघायला मिळालं म्हणूनच खूश झालो.

राजवाडा_इंदूर
म्हणूनच तर माझा जीव जास्त तुटतो, भाऊ. बावीस वर्षांनी मिशेल यो आणि डॉनी येन एकमेकांसमोर उभी आहेत, वयाने पिकलेली. शू लिएन आणि मेंगचीही तीच अवस्था. वेगळा अभिनय करायचीसुद्धा गरज नव्हती. दोघांना एका खोलीत बसवायचं, चहाचे दोन पेले ठेवायचे आणि पाच मिनिटं तलवार बाहेर काढायची नाही. तो प्रसंग मी शेवटपर्यंत शोधत बसलो होतो.