थाई फ्रेश व्हेज स्प्रिंग रोल घरी करताना राइस पेपर फाटतो, काय चुकतंय?

पुदिना_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. गेल्या वर्षी आईला घेऊन बँकॉकला गेलो होतो, आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे तिचं खाण्याचं कसं होणार ही धाकधूक होतीच, पहिले तीन दिवस तिने फळं आणि आपण नेलेल्या दशम्यांवर काढले. चौथ्या दिवशी एका गल्लीत पिवळे झेंडे लावलेलं छोटं दुकान दिसलं, तिथे हे रोल मिळाले, न तळलेले, पांढरंशुभ्र मऊ आवरण, आत भरपूर पाला, गाजर, मशरूम, टोफू आणि सोबत हिरवी आंबट तिखट चटणी. आईने दोन प्लेटी खाल्ल्या! अजून सगळ्यांना सांगत असते.

आता पुढच्या महिन्यात तिची पंचाहत्तरी आहे, घरचीच २० माणसं, आणि काय करू विचारलं तर म्हणाली ते बँकॉकचे रोल कर. मी राइस पेपरचं पाकीट आणलं, कडकडीत पाण्यात मिनिटभर भिजवला, पार चिंध्या झाल्या. ११ केले त्यातले ३ धड निघाले. तेही आईने चाखून बघितले आणि म्हणाली चांगले आहेत गं पण हे ते नव्हेत. तर १) पेपर फाटू नये म्हणून काय करायचं २) आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का ३) थाई बेसिल मिळत नाही, अंगणातली तुळस घातली तर? ४) चटणीत फिश सॉसऐवजी काय? प्लीज सांगा, तिच्यासाठी हे नीट जमायलाच हवंय.

वाफाळ

पाणी गरम नको, अजिबात नको, इथेच गडबड झालीय. माठातलं नाही पण नळाचं साधं पाणी घे परातीत, पेपर ५ ते १० सेकंद बुडव आणि अजून कडक वाटतोय असं असतानाच बाहेर काढ. ताटावर ठेवलास की अर्ध्या मिनिटात आपोआप मऊ पडतो. आपण पाण्यातच मऊ व्हायची वाट बघतो म्हणून तो फाटतो. ताट कोरडं नको, पाण्याचा हात फिरवून घे नाहीतर चिकटून बसतो.

दुसरं म्हणजे भरण्याचा क्रम. सगळ्यात खाली लेट्यूसचं पान घालायचं, शेवया आणि गाजर त्या पानात गुंडाळून मग पेपर वळायचा, म्हणजे टोकदार तुकडे पेपरला टोचत नाहीत. काकडीच्या बिया काढून टाक, त्याचं पाणी सुटून रोल लिबलिबीत होतो. एकमेकांना टेकवून ठेवू नकोस, सोडवताना दोघंही फाटतात, वर ओलं फडकं.

आणि आदल्या रात्री नाही, फ्रिजमध्ये तांदळाचं आवरण कडक, चामड्यासारखं होतं, उरलेला भात होतो ना कोरडा तसंच. फार तर दोन तीन तास आधी करून बाहेर ओल्या फडक्याखाली. भाज्या, चटणी मात्र आदल्या दिवशी चिरून वाटून ठेव.

चाओफ्रयाकाठी

नऊ वर्षं बँकॉकला आहे म्हणून लिहितोय, आणि पुदिना, तुमच्या आई बरोबर बोलताहेत, हे ते नव्हेतच. पारदर्शक राइस पेपरचे रोल मूळचे व्हिएतनामचे, गोई कुऑन म्हणतात. तिथे तांदळाचं पातळ पीठ वाफेवर शिजवून बांबूच्या तट्ट्यांवर वाळवतात, पाकिटातल्या पेपरवर जी जाळीदार नक्षी दिसते ती त्या बांबूची. थायलंडमध्येही मिळतात, विशेषतः ईशान्येकडे नोंगखाई, उदोनथानी भागात, कारण तिथे व्हिएतनामी वस्ती जुनी आहे. १९४६ मध्ये फ्रेंचांनी लाओसमधलं थाखेक परत घेतलं तेव्हा तिथले हजारो व्हिएतनामी लोक मेकाँग नदी ओलांडून या बाजूला आले आणि राहिले, त्यांचं खाणंही राहिलं.

थाई लोक ज्याला फ्रेश स्प्रिंग रोल म्हणतात तो पोपिया सोत. त्याचं आवरण गव्हाच्या पिठाचं, मऊ पोळीसारखं, आणि वर चिंचेचा गोडसर दाट सॉस ओततात, तो चिनी लोकांनी आणलेला प्रकार. पण तुम्ही सांगताय पांढरं आवरण, आत पाला, हिरवी चटणी, म्हणजे माझ्या मते आईंनी खाल्लं ते क्वायतियाव लुय सुआन. क्वायतियाव म्हणजे तांदळाची नूडल, लुय म्हणजे वाट तुडवत जाणं आणि सुआन म्हणजे बाग. बागेतून चालत आलेली नूडल! मला हे नाव फार आवडतं, कारण खरंच आत अख्खी बाग असते, पुदिना, कोथिंबीर, होराफा म्हणजे थाई बेसिल, लेट्यूस. याचं आवरण वाळवलेलं नसतं, तांदळाच्या पिठाची ताजी वाफवलेली रुंद चादर असते, म्हणून पांढरी आणि लुसलुशीत. एरवी आत डुकराचा खिमा असतो पण पिवळ्या झेंड्याचं दुकान म्हणजे "जे" (इथला कडक शाकाहार), तिथे मांस मासे अंडी दूध काहीच नाही, कांदा लसूणही नाही. कुणी इकडे येणार असाल तर "किन जे" एवढे दोन शब्द पाठ करून या, नुसतं व्हेज व्हेज म्हणून फिश सॉस चुकत नाही.

तुळशीचं सांगतो. आपल्या तुळशीची थाई बहीण म्हणजे क्राफाव, ती इथे तेलावर मिरचीबरोबर परततात, कच्ची या रोलमध्ये घालत नाहीत, फार उग्र लागते. थाई बेसिल हे सब्जाच्या जातीचं झाड आहे, फालुद्यात घालतो त्याच सब्जाचं. त्यामुळे कुणाकडे सब्जाचं रोप असेल तर त्याची कोवळी पानं बिनधास्त घाला, नाहीतर नुसता पुदिना आणि कोथिंबीर.

चटणी: ६ हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या ४ जुड्यांची मुळं (आपण टाकून देतो ती, नीट धुवून घ्या, सगळा वास त्यातच आहे), मूठभर कोथिंबीर, मीठ, २ चमचे साखर, ४ चमचे लिंबाचा रस. खलबत्त्यात कुटा, मिक्सरमध्ये फार गुळगुळीत होते. फिश सॉसच्या जागी थोडा लाइट सोया सॉस किंवा नुसतं मीठ. एरवी यात लसूण असतो पण आईंनी खाल्ली त्यात नसणार, जेमध्ये चालत नाही ना, म्हणून त्यांच्यासाठी बिनलसणाचीच करा.

माडाखालची

अगं ताजी वाफवलेली तांदळाची चादर म्हणजे ओली सालपापडीच की!! हे वाचून मला राहवेना. आमच्याकडे दर चैत्रात आजी तांदूळ तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग वाटून पीठ ताटल्यांवर पसरून वाफवायची आणि सुटून आली की सोलून सावलीत वाळवायची. आम्ही मुलं वाळायला ठेवूच द्यायचो नाही, ओलीच कच्चं तेल लावून खायची. ती पीठ आंबवायची एवढाच फरक, बाकी रीत तीच.

रोलसाठी आंबवू नकोस. मी कालच करून बघितलं म्हणून माप देते. १ वाटी बारीक तांदळाची पिठी, पाव वाटी टॅपिओका स्टार्च (नसेल तर कॉर्नफ्लोअर, पण ताण जरा कमी येतो), पावणेदोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. अर्धा तास ठेव. सपाट बुडाच्या स्टीलच्या ताटलीला तेल लावून एक पळी पातळ पसर, प्रत्येक वेळी पीठ तळापासून ढवळून घ्यायचं कारण पिठी खाली बसते, नाहीतर पहिल्या चादरी फाटतात आणि शेवटच्या जाड होतात. भरपूर वाफेवर ३ मिनिटं, वर बुडबुडे येऊन फुगली की झाली. ताटली थंड पाण्याच्या परातीत टेकव, मिनिटभराने कडेने सुरीने सोडव, अख्खी सुटून येते. गरम असताना ओढलीस तर फाटणारच. वर तेलाचा हात लावून एकावर एक रचून ठेव. दोन ताटल्या आलटून पालटून लावल्या तर तासाभरात २० सहज होतात.

पुदिना_ठाणे

अहो काय सांगू, चाओफ्रयाकाठीदादा, आईला लुय सुआन नाव वाचून दाखवलं आणि तिने लगेच फोनमधला फोटो काढायला लावला, दुकानाच्या पाटीवर थाईत काय लिहिलंय ते कळत नाही पण रोल अगदी तुम्ही वर्णन केलात तसाच, चौकोनी पांढऱ्या चादरीचा.

आज ६ करून बघितले. पहिल्या दोन चादरी जाड झाल्या, पळी अर्धीच घेतली तेव्हा बरोबर जमलं. सारणात मशरूम आणि टोफू सोया सॉस, मिरपूड घालून कोरडे होईपर्यंत परतले, गाजर, लेट्यूस, पुदिना, कोथिंबीर. अडचण एकच, चादरींचा ढीग तासाभराने खालून चिकटला, तेल लावूनही.

माडाखालची

तेल दोन्ही बाजूंना लाव आणि प्रत्येक चादरीमध्ये केळीच्या पानाचा तुकडा किंवा बटर पेपर घाल. कडक झाल्या असतील तर भरायच्या आधी मिनिटभर परत वाफ दे, होत्या तशा मऊ होतात, वाळवलेल्या पेपरात ही सोय नाही.

वाफाळ

मी राइस पेपरच आणते नेहमी, आता या रविवारी चादरी करणार. पुदिना, २० माणसांना ४० रोल धर, चटणी दुप्पट कर, ती आधी संपते.

पुदिना_ठाणे

झाली पंचाहत्तरी! ४४ केले, वहिनी आणि भाची सकाळी आठपासून माझ्याबरोबर, एक वाफेवर एक सोडवायला एक भरायला. सब्जाची पानं शेजारच्या काकूंनी दिली, त्यांच्या कुंडीत होतं आणि मला माहीतच नव्हतं. आईने पहिला रोल चटणीत बुडवून खाल्ला, थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली हा तोच. सगळ्यांचे मनापासून आभार, चादरींचे फोटो रात्री टाकते.