निकालाच्या टक्केवारीआधी पटसंख्या पाहावी

परिसरातील सरकारी माध्यमिक शाळांची प्रसिद्ध झालेली एक क्रमवारी केवळ शालान्त परीक्षेच्या निकालावर बेतलेली असल्याने ती जशीच्या तशी स्वीकारणे मला अवघड वाटते. समजा, एका शाळेत नववीला 100 मुले दाखल झाली, परीक्षेला 70 बसली आणि 63 उत्तीर्ण झाली, तर निकाल 90 टक्के लागतो. शेजारच्या शाळेत तितक्याच मुलांपैकी 96 बसली आणि 80 उत्तीर्ण झाली, तर निकाल जेमतेम 83 टक्के भरतो. क्रमवारीत पहिली शाळा वर दिसते. मात्र 17 मुले जास्त पार पडली ती दुसऱ्या शाळेतून. (कच्च्या मुलांना परीक्षेआधीच बाहेरची वाट दाखवण्याचा मोह कुठून येतो, हे यावरून कळावे.) अमेरिकेत पदवीप्राप्तीचा दर काढताना नववीची मूळ तुकडीच आधार धरतात, दुसऱ्या शाळेत बदलून गेलेली मुले त्यातून वजा होतात, पण शिक्षण सोडलेली होत नाहीत.

इंग्लंडने 2016 पासून ‘प्रोग्रेस ८’ हा निकष सर्व सरकारी माध्यमिक शाळांना लावला. त्यात विद्यार्थ्याचे आठ विषयांतील गुण प्राथमिक शाळेअखेर त्याच्याच पातळीवर असलेल्या देशभरातील मुलांच्या सरासरीशी ताडले गेले. घरच्या गरिबीचा हिशेब मात्र त्यातही धरलेला नव्हता.

लहान शाळांबाबत तर एका वर्षाच्या आकड्यावर विसंबूच नये, कारण 20 मुलांच्या वर्गात एक नापास झाला की निकाल पाच टक्क्यांनी घसरतो. क्रमवारी करणाऱ्यांनी तीन वर्षांचे आकडे नववीच्या पटासह द्यावेत, ही विनंती.