बदकाला काही होत नाही, कोंबडी मात्र मरते, असे का?

प्रश्न: २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्यांचे कळप नष्ट करावे लागले. मात्र हाच विषाणू अंगात असूनही रानबदके अनेकदा ठणठणीत दिसतात, असे वाचनात आले. यामागे नेमके कारण काय असावे?

उत्तर १: विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) पेशीत शिरताच त्याची चाहूल घेणारे 'रिग-आय' नावाचे प्रथिन बदकांत असते, तर कोंबडीत त्याचे जनुकच आढळत नाही, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे बदकाच्या पेशी इंटरफेरॉनचा (विषाणूशी लढायला सावध करणाऱ्या प्रथिनांचा) इशारा लवकर देतात. कोंबडीकडे 'एमडीए५' हा दुसरा पहारेकरी आहे, पण तो एकटा पुरत नाही.

उत्तर २: वरील उत्तर बरोबर आहे, तरी बदके अभेद्य आहेत असे कृपया समजू नये, कारण एच५एन१ या बर्ड फ्लू विषाणूचे काही प्रकार त्यांनाही मारतात, आणि लक्षणे नसलेले बदक विष्ठेतून विषाणू पसरवत राहते, म्हणजे पोल्ट्रीवाल्याच्या दृष्टीने तेच अधिक घातक.

उत्तर ३: कोंबडीला वाचवण्याचेही प्रयत्न झाले आहेत. विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी कोंबडीचे 'एएनपी३२ए' हे प्रथिन लागते. २०२३ मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक किंचित बदलले, तेव्हा विषाणूच्या साधारण मात्रेला १० पैकी ९ कोंबड्यांना संसर्ग झाला नाही. मात्र मात्रा फार वाढवताच निम्म्यांना झाला आणि विषाणूही बदलला.