विकर, वितंचक की एन्झाइम?

भाषांतरकर्ती:
रोहू-कटल्याच्या खाद्यावरची छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. एन्झाइमला शाळेतला ‘विकर’ वापरला. काल अप्पा बळवंत चौकातून मुद्रितं आली, तर सगळीकडे ‘विकार’! ‘पेंडीत विकार मिसळावेत.’ तपासणाऱ्याला वाटलं, माझा काना राहिला. शेतकऱ्यानेही तसंच वाचलं तर? मजकूर फायटेजचा आहे, म्हणजे फायटेटमधला फॉस्फरस मोकळा करणाऱ्या एन्झाइमचा. शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड, भाताचा कोंडा यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. माशाला तो सोडवता येत नाही, मग तो तळ्यात उतरतो आणि शेवाळ माजतं. शब्द सुचवा.

कोथरूडकर:
‘पाचक’. सोपं आहे.

भाषांतरकर्ती:
पाचक म्हटलं की चूर्ण डोळ्यांपुढे येतं. आजारी माशाचं औषध वाटेल.

निवृत्त शिक्षक:
आम्ही ‘वितंचक’ शिकवलं. संस्कृतात आतंचन म्हणजे दूध विरजायला घालतात ते. क्यून या जर्मन शास्त्रज्ञाने 1877 साली एन्झाइम शब्द केला तो ‘यीस्टमधलं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. तिकडे यीस्ट, इकडे विरजण. इतका नेमका शब्द आपण टाकून का दिला?

रसायनवाली:
सर, विरजणात जिवाणू असतात. एन्झाइम जिवंत नसतं. क्यूनने वेगळा शब्द केला तोच मुळी हा फरक दाखवायला. ‘विकर’ बरा, बदल घडवणारं ते.

तळेवाला, इंदापूर:
पोत्यावर एन्झाइम छापलेलं असतं, दुकानात आम्ही एन्झाइमच मागतो. शुद्ध शब्दाला माझा विरोध नाही. ‘मत्स्यबोटुकली’ ऐकलं की बोटाएवढं पिल्लू दिसतं. ‘वितंचक’ ऐकून काय दिसतं?

निवृत्त शिक्षक:
सावरकरांचा ‘महापौर’ही नवाच होता. आज पुण्यात मेयर कोण म्हणतं?

तळेवाला, इंदापूर:
महापौर पालिकेच्या पाटीवर आला म्हणून रुजला. आमच्या पोत्यावर येऊ द्या, आम्हीही म्हणू. ताई, शब्द कोणताही घ्या, पण खाद्याची गोळी गरम असताना एन्झाइम घालू नका हे ठळक लिहा. उष्णतेने ते मरतं.

रसायनवाली:
मरत नाही, निकामी होतं! आणखी एक. रोहूला जठर नसतं, म्हणून जठरातलं आम्लही नसतं. आम्लात चालणारं फायटेज त्याच्या आतड्यात फारसं काम करत नाही. म्हणून पेंड आधीच फायटेज घालून भिजवून ठेवायची पद्धत आहे, तीही लिहा.

कोथरूडकर:
म्हणजे आंबोणच की! आजी म्हशीसाठी पेंड-कोंडा भिजवायची.

भाषांतरकर्ती:
आंबोण आंबवतात का पण? शीर्षकात घेतला तर आंबट वास येईल असं वाटतंय.

निवृत्त शिक्षक:
‘आंबवण’चं आंबोण झालं असणार. आमच्याकडे विरजणालाही मुरवण म्हणत.

तळेवाला, इंदापूर:
आमच्यात आंबोण आंबू देत नाहीत. भिजलं की लगेच गुरांपुढे.

कोथरूडकर:
आजी रात्रभर ठेवायची. सकाळी घमेल्यावर फेस असायचा, मी स्वतः पाहिलाय.